गुरुवारचं दूध

मावशीच्या शोकसभेत दोन शब्द बोला, असं अभयारण्याच्या साहेबांनी सांगितल्यापासून मास्तरांच्या डोक्याला नुसता ताप झाला होता. जो माणूस सोळा वर्षं वाघ, अस्वलं आणि तरसांच्या घोळक्यात वावरला, त्याला माणसांचा घोळका दिसला की दरदरून घाम फुटायचा. त्यात बोलायचं कुणाबद्दल, तर मावशीबद्दल. तिचं नाव काढलं की ते उठून रिकाम्या पिंजऱ्याकडे चालू लागायचे, आणि चालता चालता भाषणं होत नसतात.

मावशी म्हणजे वाघीण, बरं का. मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. ही बया वाघीण असून दिवसभर मांजरासारखी उन्हात पोट वर करून लोळायची, तेव्हा कुणीतरी थट्टेनं तिलाच मावशी म्हणालं आणि ते नाव तिला चिकटलं. मास्तरही काही शाळेतले मास्तर नव्हेत. स्वतः आठवीत दोनदा गटांगळ्या खाल्लेले! पण जनावरांना शिकवतात म्हणून मास्तर.

ती आली तेव्हा चार वर्षांची होती. एक सर्कस बंद पडली, तिथले प्राणी सोडवून ठिकठिकाणी पाठवले, त्यातली ही एक या अभयारण्याच्या वाट्याला आली. सर्कशीत तिला लोखंडी कांबीनं हाणलेलं. माणूस दिसला की एक तर जाळीवर झेप टाकायची, नाही तर कोपऱ्यात अंग चोरून थरथरत बसायची. जखमेला औषध लावायचं तरी बंदुकीनं भूल द्यावी लागे. मास्तरांना ते बघवेना. ते रोज जाळीपासून दहा पावलांवर एक उपडी बादली ठेवून त्यावर बसायचे आणि शीळ घालायचे, एक आखूड आणि एक लांब. शीळ घातली की आत मांसाचा तुकडा सरकवायचे आणि बसून राहायचे. असं दोन वर्षं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. बाकीचे कीपर हसायचे. म्हणायचे, मास्तर, एखादी बाई पटली असती एवढ्या वेळात!

दोन वर्षांनी मात्र सगळ्यांची तोंडं बंद झाली. मास्तरांनी शीळ घातली की मावशी असेल तिथून उठायची, डुलत डुलत जाळीशी यायची आणि कूस जाळीला टेकवून आडवी व्हायची. मास्तर लांब नळीच्या बाटलीतून तिच्या जिभेवर शेळीच्या दुधाची धार सोडायचे, आणि ती चाटत असताना डॉक्टरीणबाई जाळीतून मांडीला सुई टोचायच्या. भूल नाही, दोर नाही, आरडाओरडा नाही. हे बघायला लांबलांबून डॉक्टर यायचे.

या कामाचे मास्तरांनी काही नियम घालून दिले होते आणि त्यांत ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत. शीळ घातली की तिला काहीतरी चांगलंच मिळालं पाहिजे. शीळ घालून तिला कोंडायचं नाही, दुसऱ्या पिंजऱ्यात हलवायचं नाही, पाहुण्यांना दाखवायला उठवायचं नाही. आणि दूध फक्त सुईच्या दिवशी, म्हणजे मंगळवारी. सुई टोचणार हे तिला दुधावरून आधीच कळलं पाहिजे. "तिला फसवायचं नाही," मास्तर नव्या कीपरला पहिल्याच दिवशी दम भरायचे. "ती सुईला येते ते तिला सुई कळत नाही म्हणून नव्हे. कळून सवरून येते. का? तर आपण तिला एकदाही खोटं सांगितलेलं नाही म्हणून."

तर ही मावशी विसाव्या वर्षी गेली. वाघाच्या मानानं हे म्हणजे शंभरी गाठण्यासारखंच. मास्तर तेव्हा तिच्याजवळ नव्हते. आठ तासांच्या अंतरावर असाच एक प्राण्यांचा आसरा होता, तिथल्या कीपरांना हीच शीळ शिकवायला साहेबांनी त्यांना तीन दिवसांसाठी पाठवलं होतं. गुरुवारी संध्याकाळी धाकटीचा फोन आला. "बाबा, मावशी गेली. दुपारी जेवून झोपली ती उठलीच नाही." मास्तर रातोरात निघाले, पण पोचेपर्यंत नियमाप्रमाणे सगळं आटोपलं होतं. रिकामा पिंजरा पाण्यानं धुतलेला होता.

धाकटी म्हणजे मास्तरांची धाकटी लेक. थोरली लग्न होऊन दूर गेली, बायको तर धाकटी नऊ वर्षांची असतानाच गेलेली. तेव्हापासून ही पोर शाळा सुटली की दप्तरासकट इथं यायची आणि मास्तरांच्या बादलीशेजारी दुसरी बादली उपडी घालून गृहपाठ करायची. पाढे तिनं मावशीसमोर पाठ केले. मोठी होऊन इथंच कीपर म्हणून लागली आणि गेली दोन वर्षं मास्तरांच्या हाताखाली होती. मास्तरांचा जीव कशाकशात होता, असं कुणी विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. या दोघींत.

आणि मास्तरांना एका गोष्टीचं समाधान होतं. मावशी गेली त्या दिवशी सकाळी आपण तिच्याशी बोललो होतो, हे. झालं असं की त्या गुरुवारी ते तिकडच्या वर्गात वीस-पंचवीस कीपरांसमोर उभे होते आणि धाकटीचा फोन आला. "बाबा, मावशी कालपासून जागची उठत नाहीये. मी शीळ घालून बघितली, ढिम्म हलत नाही. तुम्ही घाला ना. मी फोन मोठ्या आवाजावर करून जाळीला धरते." मास्तरांनी भर वर्गात शीळ घातली, आखूड आणि लांब. मग पुन्हा एकदा. पलीकडून जरा वेळ काहीच आवाज नाही, आणि मग धाकटीचा आवाज आला, अगदी भरून आलेला, "उठली, बाबा! येतेय." अख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मास्तरांची छाती अशी फुगली की विचारू नका. आठ तासांच्या अंतरावरून वाघीण उठवणारा माणूस!

शोकसभेत हेच सांगायचं, असं त्यांनी शेवटी ठरवलं. जाण्याआधी तिनं माझी शीळ ऐकली, एवढं सांगायचं आणि खाली बसायचं.

सभा रविवारी दुपारी होती. मास्तर सकाळीच आले. मागच्या फाटकापाशी शेळ्यावाल्या बाई उभ्या होत्या. त्यांचा गोठा पलीकडच्याच रस्त्याला, दूध त्यांच्याकडूनच यायचं.

"मास्तर, ऐकलं हो," बाई म्हणाल्या. "वाईट वाटलं. पण सुखानं गेली म्हणायची. जाताना पोटभर दूध तरी प्याली."

"मंगळवारी ना? हो, प्याली थोडं. मीच पाजून निघालो होतो."

"मंगळवारचं नाही हो म्हणत मी. गुरुवारचं. धाकटी आली होती की सकाळी, शेळ्या सोडायच्या आत. एरवी अर्धा लिटर नेता तुम्ही, तिनं दोन लिटर मागितलं. म्हटलं आज काय विशेष? तर म्हणते, आज मावशीला हवं तेवढं पाजायचंय. भारी माया पोरीची!"

त्या अभयारण्यात दुधाला एकच अर्थ होता, आणि तो अर्थ ठरवणारे ते स्वतः होते. मंगळवारची सुई मंगळवारी झाली होती. मग गुरुवारी दूध कशाला? आणि दोन लिटर? एकेक गोष्ट आपोआप जुळत गेली, नको नको म्हणत असताना जुळत गेली. दौऱ्याला पाठवताना साहेबांनी एकाएकी केलेलं कौतुक. तीन दिवसांचा दौरा. भर वर्गात आलेला फोन.

बाई मागून "अहो, बरं वाटत नाही का?" म्हणत राहिल्या. मास्तर तोवर मांसाच्या खोलीकडे निघालेसुद्धा होते.

धाकटी ओट्यापाशी उभी राहून तरसासाठी मांस तोडत होती. पायांत गमबूट, हातांत मोजे. बापाला दारात बघून हसली. "लवकर आलात? सभा दोनला आहे."

"गुरुवारी दूध कशाला आणलं होतंस?"

तिच्या हातातला सुरा थांबला. एवढं पुरे होतं. मास्तरांना आणखी काही विचारायची गरजच नव्हती, पण तरी त्यांनी विचारलं, कारण माणूस वेडा असतो. त्याला वाटतं, अजूनही समोरचा काहीतरी वेगळं सांगेल.

"झोपेत गेली ना ती? सांग. झोपेत गेली ना?"

"नाही, बाबा."

मग धाकटीनं सुरा बाजूला ठेवला, मोजे काढले आणि सगळं सांगितलं. ते नीट समजायला इथला एक नियम माहीत हवा. एखाद्या जनावराला शेवटची सुई द्यायची तर कागदावर तीन सह्या लागतात. डॉक्टरांची, साहेबांची आणि त्या जनावराच्या मुख्य कीपरची. कीपरनं नाही म्हटलं की विषय संपला. मावशीसाठी डॉक्टरीणबाईंनी तीनदा कागद काढला होता. मूत्रपिंडं गेलीत, मागचे पाय ओढतेय, हाल होतायत, म्हणाल्या. मास्तरांनी तीनदा नाही म्हटलं. साहेबांना मोठी अडचण होती. मावशीला सुई दिली असं बाहेर कळलं, तर तिच्यासाठी चित्रं काढणाऱ्या, पत्रं लिहिणाऱ्या, दर वाढदिवसाला येणाऱ्या लोकांनी गहजब केला असता. आणि मास्तरांच्या सहीवाचून तर पान हलत नव्हतं. पण मुख्य कीपर तीन दिवस बाहेरगावी असेल, तर त्याच्या जागी काम बघणाऱ्याची सही चालते.

"म्हणजे तू सही केलीस," मास्तर म्हणाले.

"हो."

"आणि दौरा?"

"तो साहेबांनी ठरवला."

"माझी बॅग तू भरलीस, सोमवारी रात्री. शर्टाला इस्त्री केलीस. थंडी असेल तिकडे म्हणून स्वेटर घातलास आत. तेव्हा तुला माहीत होतं?"

तिनं काढलेले मोजे एकात एक घातले. ओट्यावरून पाणी टपटप पडत होतं. "माहीत होतं," ती म्हणाली.

अहो, परक्यानं फसवलं तर माणूस चार शिव्या देतो आणि मोकळा होतो. पोटच्या पोरीनं स्वेटरची घडी घालता घालता केसानं गळा कापला, तर कुणाला शिव्या द्यायच्या? मास्तर भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना बसायचं होतं, पण बसायला काही नव्हतं.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?" धाकटीचा आवाज आता चढला. "तीनदा विचारलं. तीनदा तुम्ही डॉक्टरीणबाईंना घालवून दिलंत. आणि तुम्ही काय करत होतात, हे मला माहीत नाही का? तीन किलो आत टाकायचात, अडीच किलो परत काढायचात, ते तरसाला घालायचात आणि फळ्यावर लिहायचात, 'सगळं खाल्लं'. महिनाभर! तिला फसवायचं नाही म्हणता, आणि सगळ्या जगाला फसवत होतात. ती रात्रभर कण्हायची, बाबा. मी ऐकलंय."

हे खरं होतं. अगदी अक्षरन् अक्षर खरं. मास्तरांनी ते फळ्यावर लिहिलं होतं आणि लिहिताना हात कापला नव्हता. आज ना उद्या खाईल, या आशेवर त्यांनी एकेक दिवस ढकलला होता. मान खाली घालून त्यांनी ते ऐकून घेतलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तिचे हाल मी केले. सुई द्यायलाच हवी होती, हेही कबूल. चौथ्यांदा नाहीच म्हणालो असतो का, ते मला माहीत नाही. पण मला उभं करायचं होतंस ना गं तिथे. मी दुधाची धार धरली असती. रडलो असतो, पण धरली असती. ते तर नाहीच, वर फोन कशाला केलास?"

"ती उठेना. मागच्या कोपऱ्यात, भिंतीशी पडली होती. बंदुकीनं भूल द्यावी लागली असती. तिला बंदुकीची किती भीती वाटायची, तुम्हालाच माहीत. घाबरत घाबरत गेली असती. म्हणून म्हटलं, तुमची शीळ ऐकून तरी येईल. आणि आली, बाबा. मागचे पाय घासत, थांबत थांबत आली. जाळीला कूस लावली. दूध चाटलं. तुम्हाला शोधत होती इकडे तिकडे. फोनकडे बघत होती."

मास्तरांनी एक हात वर केला. पुरे, म्हणून.

मग मास्तर म्हणाले, "सोळा वर्षांत ती शीळ एकदा खोटी ठरली. आणि ती माझ्या तोंडून घालून घेतलीत तुम्ही. मला न सांगता. वर मी तिकडे टाळ्या घेतल्या." ते दाराकडे वळले आणि पुन्हा फिरले. "मी आज सभेत बोलणार नाही. तू बोल. उभी राहून खरं खरं सांग. 'सही मी केली, सुई दिली, बाबांच्या शिळेनं बोलावून दिली, बाबांना माहीत नव्हतं.' बस, एवढंच. मी फळ्यावर खोटं लिहीत होतो, तेही सांग. माझी लाज राखू नकोस."

"साहेब मला काढून टाकतील. पहिल्या तारखेपासून कायम करणार आहेत."

"बरं झालं असतं तू साधी चोर असतीस तर," मास्तर रागानं म्हणाले, आणि मग लगेच त्यांचा राग ओसरला. ती रडत होती. "हे बघ पोरी. आज ते कीपर सगळे समोर बसणार. उद्या कुणी अस्वलाला असंच फसवून बोलावेल, कुणी बिबट्याला. एकदा चाललं की पुन्हा चालेल. आणि मला... मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. चार लोकांत. नाही तर या जन्मात मी तुझं काही खरं मानू शकायचा नाही. समजतंय का तुला?"

धाकटीनं बाहीनं डोळे पुसले. "सांगते," ती म्हणाली. "शप्पथ सांगते, बाबा. तुम्ही फक्त मधे बोलू नका. मला माझ्या पद्धतीनं सांगू द्या."

मास्तरांनी मान हलवली. विश्वास ठेवला. दुसरं करणार काय, लेक होती.

दोन वाजता सभागृह गच्च भरलं. पुढच्या रांगेत पाहुणे, मागे शाळेतली मुलं, भिंतीला टेकून सगळे कीपर. मावशीचा मोठा फोटो, ती उन्हात डोळे मिटून पडलेली असतानाचा, फुलांच्या मधोमध ठेवला होता. साहेबांनी सुरुवात केली. मावशी म्हणजे आपल्या कुटुंबातली वडीलधारी, ती सुखानं, झोपेत, आपल्या माणसांत गेली, वगैरे वगैरे. साहेबांचं बोलणं म्हणजे कसं, तुपासारखं. पुढच्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. डॉक्टरीणबाई कडेच्या खुर्चीवर बसून आपल्या बांगडीशी चाळा करत होत्या. त्यांनी सबंध वेळ मान वर केली नाही.

"आता मास्तरांच्या वतीनं त्यांची मुलगी बोलेल," साहेब म्हणाले.

धाकटी उठली. स्वच्छ पांढरा सदरा, केस नीट बांधलेले. माइकपाशी उभी राहिली आणि तिनं बापाकडे बघितलं. मास्तरांचा जीव कानांत गोळा झाला होता. त्यांनी हलकेच मान हलवली. बोल.

"मी नऊ वर्षांची होते, तेव्हा मावशी आली," धाकटीनं सुरुवात केली. छान बोलत होती. बादल्या, पाढे, पहिल्यांदा मावशीनं जाळीला कूस लावली तो दिवस. लोक हसले, मग गप्प झाले. मग ती म्हणाली, "शेवटच्या दिवसाबद्दल मला सांगायचंय." आणि थांबली. साहेबांनी खुर्चीत बूड सावरलं. मास्तर खुर्चीच्या टोकावर आले.

"त्या दिवशी बाबा इथं नव्हते," ती म्हणाली. "मावशी उठत नव्हती. मी बाबांना फोन लावला. बाबांनी फोनवरून शीळ घातली, आणि काय सांगू, ती उठली. चालवत नव्हतं, तरी आली. फोनला नाक लावलं. बाबांचा आवाज ऐकून तिचं समाधान झालं. मग ती आपल्या जागी गेली, आणि दुपारी झोपेतच..." तिचा आवाज अडकला. "मला वाटतं, ती बाबांचा निरोप घ्यायला थांबली होती."

अख्खं सभागृह हुंदके देत होतं. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

मास्तर उभे राहिले. "खोटं आहे," ते म्हणाले.

टाळ्यांत कुणाला ऐकू गेलं नाही. ते पुन्हा म्हणाले, या वेळी ओरडून. "खोटं आहे हे! ती झोपेत गेली नाही. तिला शेवटची सुई दिली. मी बोलावलं म्हणून ती आली आणि मेली. माझ्या शिळेनं मारलं तिला!"

टाळ्या थांबल्या. आता काहीतरी होणार, असं त्यांना वाटलं. कुणी तरी विचारेल, कसली सुई? कुणी सांगितलं? पण विचारलं कुणीच नाही. दुसऱ्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई हुंदका आवरत शेजारणीला म्हणाल्या, "किती लावून घेतलंय हो बिचाऱ्यांनी." भिंतीपाशी उभ्या कीपरांनी माना खाली घातल्या, मास्तरांचे हाल त्यांना बघवेनात. आणि साहेब माइक हातात घेऊन अगदी मायेनं म्हणाले, "मास्तर, तुम्ही स्वतःला असा दोष देऊ नका. तुम्ही तेव्हा इथं नव्हतात, हे शल्य आम्ही समजू शकतो."

पुन्हा टाळ्या. या वेळी मास्तरांसाठी.

मास्तरांनी साहेबांकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंकडेही नाही. त्यांनी फक्त धाकटीकडे बघितलं. एक शब्द, पोरी. 'खरं आहे', एवढंच म्हण. साऱ्या जगानं वेडा ठरवलं तरी चालेल, तू म्हण.

धाकटी माइकपासून बाजूला झाली आणि पायऱ्या उतरून खाली आली. सरळ त्यांच्यापाशी येऊन तिनं त्यांचं कोपर धरलं. पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल अशा बेतानं ती म्हणाली, "तीन दिवस झोप नाहीये त्यांना." मग दोन पावलं मागे सरून, हात पुढे करून, अगदी हळू, अगदी गोड आवाजात म्हणाली, "चला बाबा. या. या ना."

मास्तरांना सगळं कळत होतं. दाराबाहेर त्यांना गाडीत बसवतील, घरी नेतील, डॉक्टरीणबाई झोपेची गोळी देतील, आणि उद्यापासून ते म्हणजे मावशीच्या दुःखानं डोकं फिरलेले मास्तर. तिच्या हातात हात द्यायचा नाही, इथंच उभं राहायचं, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. पण पंचवीस वर्षांत लेकीनं बोलावलं आणि ते गेले नाहीत, असं एकदाही झालं नव्हतं.

लोकांनी वाट करून दिली. मास्तर पाय ओढत ओढत तिच्याकडे गेले.